फोन मोकळा हवा

समोरच्या गॅलरीत सुनंदा मेथी निवडत लेकीशी फोनवर बोलत होती. मेथी संपली, तरी हिचं बोलणं काही संपेना. मी आपली बघत बसले. बिनकामाचं बोलणं ही केवढी चैन असते, नाही का?

मी हल्ली कोणाचाही फोन आला की दोन शब्दांत ठेवते. बायका म्हणतात, "काकूंना शिष्टपणा आलाय." येऊ दे बापडा. व्हिसाची मुदत संपली म्हणून माझ्या मुलाला परदेशात कोठडीत ठेवलंय. सोडतील की परत धाडतील, कोणी सांगत नाही. इथून त्याला फोन लागत नाही, त्याचाच आला तर येतो. मग फोन मोकळा नको?

त्याचा फोन आला की वकिलाबद्दलचं बोलणं लगेच संपतं. मग तो विचारतो, "आई, आज काय केलंस?" एकटीपुरती चहा-पोळीच असते, पण मी भरली वांगी सांगते. पूर्वी ओरडायचा, "थोडक्यात सांग गं!" आता म्हणतो, "सावकाश सांग."

काल वांग्यांत मसाला भरेपर्यंत आले, तोच म्हणाला, "आई, मागे रांग आहे," आणि फोन बंद झाला. फोडणी राहिलीच होती. फोन कानाला तसाच धरून मी फोडणी सांगितली, झाकणावर पाणी ठेवायचंही सांगितलं.