काच हातात असताना

काचा बसवणाऱ्या त्या टोळीत उचलणारे चौघे होते आणि बोलणारा एक. काच हातात असताना बोलायचं ते फक्त मामांनी. बाकीच्यांना एकाच शब्दाची मुभा होती, ‘थांबा’. तो कुणीही, कधीही म्हणावा. म्हटला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि कारण विचारायचं नाही.

मामा खरे तर एकट्या रेडिओचे मामा, पण भाच्याचं ऐकून सगळी टोळीच त्यांना मामा म्हणू लागली होती. भाच्याला रेडिओ हे नाव टोळीनेच ठेवलं होतं. का ठेवलं, हे त्याच्याजवळ पाच मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नसे. मालकांच्या काचेच्या दुकानात काउंटरवर बारा वर्षं काढलेला हा गडी, साधा आरसा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला काच वाळूपासून कशी होते तिथपासून ऐकवायचा.

आता मामांच्या मणक्याने हात टेकले होते. डॉक्टरांनी महिन्याभरात काम सोडायला सांगितलं आणि मालकांनी टोळी भाच्याकडे द्यायचं ठरवलं. टोळीच्या ते पचनी पडेना. दोन वर्षांपूर्वी मामा तापाने पडले असताना एक दिवस रेडिओने काच नेली होती. “सावकाश हं, थोडं डावीकडे, म्हणजे तुमच्या डावीकडे, नाही नाही, मागच्यांच्या...” पुढचे थांबले, मागचे चालत राहिले आणि टोळीतल्या सगळ्यात जुन्या माणसाचा, दादांचा, अंगठा काच आणि चौकटीच्या मध्ये चिरडला. दादांनी मालकांना तोंडावर सांगितलं, “वाचनालयाची मोठी काच बसवायची आहे, ती एकदा याच्या आवाजावर उचलीन. तिथे गडबड झाली तर मी घरी बसतो.” दादा घरी बसले की बाकीचे तिघेही बसणार, हे काही गुपित नव्हतं.

रेडिओला अंगठ्याचं मनापासून वाईट वाटत होतंच, पण एक प्रश्न त्याला त्याहून छळत होता. मामांचं इतक्या थोडक्यात भागतं कसं? तो टोळीबरोबर फिरू लागला आणि मामांचे शब्द कागदावर मोजू लागला. अरुंद जिना, तीन मजले, दोन वळणं, आणि शब्द अवघे नऊ. उचला, चला, वळा, ठेवा, पुन्हा तेच. त्याला वाटलं, सापडली गुरुकिल्ली!

सोमवारी एका दवाखान्याची लहानशी काच होती. ती धाकटे दोघे उचलणार होते, म्हणून मामांनी रेडिओला बोलायला पुढे केलं. पठ्ठ्या सकाळपासून मौनात. गाडीपाशी जाऊन एकदम म्हणाला, “उचला.” उचलली. “चला.” निघाले. “वळा.” पुढचा उजवीकडे वळला, मागचा डावीकडे. मामांनी “ठेवा” म्हटलं म्हणून काच वाचली. गाडीत बसून बघणाऱ्या दादांनी तोंड फिरवलं.

संध्याकाळी रेडिओ मामींकडे गेला. मामा अजून यायचे होते.

“मामी, मामा घरीपण असेच गप्प असतात का गं?”

“गप्प?” मामींना हसू आवरेना. “अरे, त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मी भांडी घासायला पळते. नळाच्या आवाजात जरा कमी ऐकू येतं.”

रेडिओ चक्रावला. म्हणजे हा माणूस मुळात अबोल नाहीच! मग दिवसभराचं बोलणं जातं कुठे?

“सकाळी सगळ्यांच्या आधी कामावर जातात ना,” मामी म्हणाल्या. “तिकडे जाऊन बघ की.”

दुसऱ्या दिवशी तो गेला. एका कचेरीच्या रिकाम्या जिन्यावर मामा काचेच्या रुंदीएवढे हात पसरून एकटेच चढत होते. वळणावर थांबले, मागे सरले, पुन्हा वळले. पहारेकऱ्याला विचारून त्यांनी कुंडी हलवली. मग चौघे आले आणि चहा घेताघेता मामा जे सुरू झाले! याच्या खांद्याची चौकशी, त्याच्या झोपेची चौकशी, दुसऱ्या वळणावर आतल्या बाजूला कोण, फुटकी पायरी कितवी. “सातवी,” चौघांनी म्हणून दाखवेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. रेडिओचा कागद भरला, पाठपोट भरला. काचेला हात लागायच्या आधीच सगळं बोलून संपलं होतं.

“हे मला कधी सांगितलं नाहीत,” तो रागानेच म्हणाला.

“तू विचारलंस कधी? सांगत तर तूच होतास.”

रेडिओने कागदाची घडी करून खिशात घातली.

वाचनालयाच्या कामाला तो दोन तास आधी पोहोचला. हात पसरून सहा वेळा जिना चढला, मधलं टेबल हलवून घेतलं, पायऱ्या पाठ केल्या. चौघे आल्यावर त्याने एकेकाला विचारलं. मग दादांची पाळी आली.

“दादा, तुम्ही कुठे उभे राहाल?”

“मागे, डावीकडे. अंगठा वाकत नाही, उजवीकडे पकड बसत नाही माझी.”

दोन वर्षांत त्याने हे विचारलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. “माझ्यामुळे झालं ते,” तो म्हणाला. दादांनी नुसतं “हं” केलं आणि चहा संपवला.

“उचला.” काच उचलली गेली. “चला.” पहिलं वळण सुखरूप पार पडलं. दुसऱ्या वळणावर मागून दादांचा आवाज आला, “थांबा.”

सगळे थांबले. वरच्या पायरीवरून रेडिओला दादांचं फक्त कपाळ दिसत होतं. काय झालं, अंगठा आहे का, पाय घसरला का, खाली ठेवायची का, सगळे प्रश्न जिभेच्या टोकावर आले. खाली मामा उभे होते, त्यांच्याकडे बघायचाही मोह झाला. त्याने दात आवळले आणि वाट पाहिली. दादांनी पकड बदलली, पाय सरकवला आणि मान हलवली.

“चला,” रेडिओ म्हणाला.

काच चौकटीत बसली, पट्ट्या ठोकून झाल्या. वाचनालयात एकदम उजेड आला. दादांनी हातमोजे काढून एकमेकांवर झटकले.

“उद्याचं काम कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

मामांना पत्ता तोंडपाठ होता. ते सांगणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की दादा रेडिओकडे बघून विचारतायत. मामांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.