फायनलच्या दिवशीचे रोडगे

आमच्या गावच्या फुटबॉलच्या पोरांना मॅचच्या आधी मी जेवू घालते, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी ठरवून दिलेलं नव्हतं. आमच्या घराला लागून शाळेचं मैदान आहे, त्यामुळे पोरं आधी पाणी प्यायला आली, मग भाकरीला आली, आणि मग तसाच रिवाज पडून गेला. ज्वारीची भाकर, मुगाचं पातळ वरण, वर गुळाचा खडा. पोटाला जड नाही, पायाला जोर.

मॅच झाली की सगळे परत माझ्याच ओट्यावर. जिंकलो काऊन, हरलो काऊन, दिवेलागणीपर्यंत तेच. ऑफसाइड म्हणजे काय ते मला अजून धड सांगता येत नाही, पण त्या गप्पांत मी असायचेच. शेवटी कोणीतरी विचारायचं, "मोठीआई, तू सांग, कोणाची चूक?" ज्याने भाकर कमी खाल्ली असेल त्याच्याकडे मी बोट दाखवायचे. मग तो चिडायचा, बाकीचे हसायचे. माझ्या दिवसात तेवढं एक सुख होतं म्हणा ना.

या वर्षी आमची पोरं पहिल्यांदाच फायनलला गेली. मेहकरला, सोनाळ्याच्या टीमशी. आणि इथे माझी धाकटी जाऊ मधात आली.

ती आमच्या समोरच राहते, गल्ली ओलांडली की तिचं अंगण. मी लोणचं घातलं की तिचं आधी मुरतं, अशी बाई. तिने सेमीफायनलच्या दिवशी कोणाला न सांगता मारुतीला बोलून ठेवलं होतं, की पोरांना फायनलला जाऊ दे, तुला रोडग्यांचा नैवेद्य करीन आणि सगळ्या टीमला जेवू घालीन. फायनल आली नेमकी शनिवारी. मारुतीचा वार. मग काय, नवस त्याच दिवशी फेडायचा म्हणून हटून बसली.

रोडगे ज्याने खाल्ले त्याला सांगायला नको. जाड्याभरड्या कणकेचे पदर घालून वळलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वरणात कुस्करायचे, बाजूला वांग्याची भाजी, आणि तूप मनगटापर्यंत ओघळेल एवढं. खाल्लं की माणूस लिंबाच्या सावलीत आडवा होतो. आमच्याकडे रोडग्याच्या पंगतीनंतर कोणी कोणाला काम सांगत नाही. आणि या पोरांना दुपारून मॅच खेळायची होती.

मी तर भाकरी थापून ठेवल्या होत्या. कॅप्टन दारात आला, चपला न काढता उभा.

"मोठीआई, आज काकूकडं परसाद हाये. नाही म्हणता येत नाही ना."

"परसादाले नाही कोण म्हणते? दोन घास घ्या आन उठा."

"हाव, दोनच घास."

थोड्या वेळाने समोरून जावेचा आवाज. "घ्या बे, लाजता काऊन? मारुतीचा हाये." आणि पोरांचं हसणं. माझ्या भाकरी म्हशीने खाल्ल्या.

पोरं हरली. एकाच गोलने, तोही मॅच संपता संपता. आमचे हे टीमबरोबर गेले होते, त्यांनी फोन करून सांगितलं. मी ओटा झाडला, सतरंजी टाकली. हरलेल्या पोरांना बसायला जागा पाहिजे. टेम्पो आला, गल्लीच्या तोंडाशी थांबला, आणि सगळे उतरून सरळ जावेच्या अंगणात शिरले. सकाळचे रोडगे उरले होते ना. आमचे हे पण तिकडेच.

मी सतरंजीवर एकटी तुरीच्या शेंगा सोलत बसले. गल्ली अरुंद, सगळं ऐकू येत होतं.

गोलकीपर म्हणाला, "बॉल माह्या हाताले लागलता. निसटला."

"निसटनच. धा रोडगे खाऊन हाताचं तूप कुठी धुतलं तू?"

"त्यायचा गोल ऑफसाइड होता," कॅप्टन म्हणाला.

"तू मधातच कमरेवर हात ठेवून उभा होता. तुले तिथून ऑफसाइड दिसला?"

"पळवतच नव्हतं बे," आणखी एक जण म्हणाला. " मले तर बॉलच्या जागी वांगं दिसून राह्यलं होतं."

माझा हात शेंगेवर थांबला. चला, निघालं एकदाचं तोंडातून. आता कोणीतरी तिला स्पष्ट सांगा, एवढीच माझी इच्छा.

जाऊ म्हणाली, "म्हंजे माह्या रोडग्यांनी हरले का तुम्ही?"

आणि सगळ्यांच्या आधी आमचे हे म्हणतात, "रोडगे मात्र झकास झालते." जन्मभर माझी भाकर खाल्ली, झकास हा शब्द घरात कधी ऐकला नव्हता मी.

कॅप्टन लगेच, "तुहा काय दोष, काकू? तुह्या नवसानं तर फायनल पाह्यली आम्ही."

आता मात्र माझ्याने बसवेना. पदरातल्या शेंगांसकट उठले आणि तिच्या फाटकात जाऊन उभी राहिले.

"सेमीफायनलच्या दिवशी काय खाल्लं होतं रे तुम्ही?"

गोलकीपरने मान खाली घातली. "भाकर."

"मंग फायनलले नेलं कोनं?"

जाऊ पुढे आली. "बाई, या, बसा. नेलं तुमच्या भाकरीनं. हरवलं म्या. झालं?" आणि डोळ्याला पदर लावला.

झालं. सगळी पोरं तिच्याभोवती. नाही काकू, तसं नाही काकू. हरवण्याचा मानसुद्धा तिलाच. मी फाटकात शेंगा घेऊन उभी.

शेवटी गोलकीपरने तोडगा काढला. पुढच्या वर्षीपासून मॅचच्या आधी मोठीआईची भाकर, मॅचनंतर काकूचे रोडगे. सगळ्यांना पटलं. मलाही. मी ताठ मानेने घरी आले, सतरंजीची घडी घातली. आपलं आपल्याला परत मिळालं, असं वाटलं.

घडी कपाटात ठेवताना ध्यानात आलं. मॅचच्या आधी पोरं बोलत नाहीत. खाली मान घालून जेवतात, बुटाच्या नाड्या बांधतात, निघून जातात. बोलतात ती नंतर.

समोर पुन्हा ऑफसाइड सुरू झाला होता, आमच्या ह्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. मग कोणीतरी म्हणालं, "काकू, तू सांग, कोणाची चूक?"

आणि ती सांगायला लागली. चुकीच्याच पोराचं नाव घेत होती. कोण किती खातो, हे तिला कुठून माहीत असणार.