अण्णांना बिअर समजावली तेव्हा

बिअरच्या कारखान्यात मी अकरा वर्षं काढली. त्या अकरा वर्षांत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथं मी नेमकं काय करतो हे एकदाही विचारलं नाही. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या देवळाची पूजा त्यांच्याकडं. मुलगा दारू करतो हे त्यांनी कुठल्या तोंडानं सांगायचं? कुणी विचारलंच तर ‘केमिकलमध्ये आहे’ म्हणायचे. मला लई राग यायचा. अजून येतो, पण आता तो कुणावर काढायचा कळत नाही.

मग त्यांना मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, खडा नळीत अडकलाय, दुर्बिणीतून काढून टाकू. अण्णा ऑपरेशनला घाबरले. त्यात शेजारच्या निवृत्त हेडक्लार्कनी शहाणपण शिकवलं, “चिरफाड कशाला करताय? महिनाभर बिअर घ्या, खडा विरघळून जातो. आजारात कसलं आलंय सोवळं-ओवळं!”

मी सुट्टीवर आलो तर अण्णांनी मला समोर बसवलं. “काय रे, ती बिअर करतात कशी?”

मी हरखलोच. म्हणालो, “सातूपासून, अण्णा. सातू भिजत घालायचे, मटकीला आणतो तसे मोड आणायचे. मग ते गरम हवेत वाळवून थोडे भाजायचे. त्याला माल्ट म्हणतात, आमच्याकडं ते पोत्यांतून तयारच येतं. ते भरडून ऊन पाण्यात ठेवलं की दाण्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून उकळायचं, उकळताना त्यात हॉप नावाची कडू फुलं घालायची. निवलं की यीस्ट सोडायचं. तिथनं पुढं माझं काम. यीस्ट साखर खातं, तिची दारू होते आणि वायू सुटतो, त्याचाच तो फेस. टाकीत काही दिवस आंबू द्यायचं, मग थंडीत मुरवायचं, गाळायचं आणि बाटल्या भरायच्या.”

“म्हणजे आंबीलच की,” अण्णा म्हणाले. “मुतखड्याला सातूचं पाणी माझी आईपण द्यायची.”

इथं मी बोलायला हवं होतं. बिअरनं लघवी जास्त होते, खडा विरघळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण अकरा वर्षांनी बाप माझं काम ऐकत होता, मान डोलावत होता. माझी अक्कल शेण खायला गेली. मी म्हणालो, “तसंच समजा.”

बाटल्या मीच आणून दिल्या. आई देवघराचा पडदा ओढायची आणि अण्णा स्टीलच्या पेल्यातून, नाक दाबून, काढ्यासारखी बिअर प्यायचे. तिसऱ्या आठवड्यात कळ थांबली. आईनं देवापुढं पेढे ठेवले. हेडक्लार्क तर गल्लीभर सांगत सुटले. मी फोनवर ऐकलं आणि कारखान्यात दोघातिघांना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

कळ थांबली होती, कारण खड्याच्या बाजूचं मूत्रपिंडच बंद पडलं होतं. पाय सुजले, पोटात अन्न ठरेना, तेव्हा मला बोलावून घेऊन दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलाच सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्यापुढं धरला. दुसरं मूत्रपिंड आकसलेलं, जवळजवळ निकामी, असं त्यात तेव्हाच लिहिलेलं होतं. घरात इंग्रजी रिपोर्ट वाचणारा मी एकटा. सुट्टीत तो हातात घेऊनही मी खड्याच्या ओळीपुढं वाचलंच नव्हतं.

“इतके दिवस काय करत होता तुम्ही?” डॉक्टरांनी विचारलं. अण्णाच म्हणाले, “मीच घाबरलो हो ऑपरेशनला.”

नोकरी सोडून मी घरी आलो. आता आठवड्यातनं दोनदा डायलिसिस असतं आणि पाणी मोजून प्यायचं असतं. दिवसभराचं पाणी मी सकाळी एका बाटलीत काढून ठेवतो. सोलापूरचा एप्रिल, भिंतीसुद्धा हात लावला तर पोळतात. परवा दुपारी बाटली संपली होती. अण्णांचे ओठ फुटले होते.

“अजून एक घोट चालेल का रे?”

“नाही अण्णा.”

त्यांनी रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, “बरं. तू म्हणशील तसं. तुला त्यातलं कळतं.”

टोमणा असता तर मी सोसला असता. ते मनापासून बोलत होते.