फुंकनळी आणि पंप

सराफ्यातल्या आमच्या दुकानात मी दागिन्यांचे सांधे फुंकनळीने जोडायचो. तोंडाने नळीतून फुंकर घालायची आणि दिव्याची ज्योत सोन्यावर वळवायची. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत ती अखंड ठेवायची, ही आमची विद्या. त्यामुळे ज्योत मध्येच तुटायला लागली तेव्हा मी आधी वात बदलली, मग नळी. दोष छातीत असेल हे कुठून सुचणार! विडीला कधी हात लावला नव्हता. थंडीतला खोकला मी हवेच्या माथी मारला आणि जिन्यावरची धाप वयाच्या.

शेवटी बायकोने धरून नेपियर टाउनला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी यंत्रात फुंकायला लावलं आणि सांगितलं, सीओपीडी. दिव्याच्या धुराने आणि दागिने साफ करायच्या तेजाबाच्या वाफेने श्वासनळ्या अरुंद झाल्या होत्या. गेलेला दम परत येणार नाही, उरलेला सांभाळा, असं म्हणून त्यांनी रोज ओढायचा पंप दिला.

रोज घेऊनही फरक शून्य. मनातल्या मनात मी बाईंना शिव्या घालत होतो. एका सकाळी बायको समोर येऊन उभी राहिली.

"अहो, काहून फुंकून राहिले त्याच्यात?"

खरंच की! ओठांत नळी आली की मी फुंकणारच. सगळं औषध खोलीभर उडत होतं. आमच्या भिंतींना तेवढा आराम पडला असेल.

परत दवाखान्यात जाऊन हे सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई पोटभर हसल्या. "दादा, खींचना है, फूँकना नहीं!" आधी श्वास सोडायचा, मग सावकाश ओढून छातीत धरायचा, हे त्यांनी समोर बसवून घोटून घेतलं. आणि फुंकनळी बंद करायला सांगितली.

घरी येऊन मी रडलो, खोटं कशाला बोलू.

"चलो, झालं मग," बायको म्हणाली. "दुकानच बंद करून टाका."

तिथे मात्र मी अडून बसलो. फुंकर लागत नाही म्हणून जिला आजवर नावं ठेवली ती गॅसची टॉर्च विकत आणली. धूर बाहेर फेकणारा पंखा बसवला. आता बरं वाटो न वाटो, पंप चुकत नाही. ओठ आवळून हळूहळू श्वास सोडत रोज चालतो. धाप लागली की चारचौघांत थांबतो आणि लाजत नाही.

टॉर्चवर पहिली पाटली जोडली आणि भिंगाखाली सांधा शोधायला बसलो. सापडेना. इतका साफ, की माझं डोकंच फिरलं. सोन्याला माझा श्वास कधी लागतच नव्हता. भिंग बाजूला ठेवलं आणि दुसरी पाटली घेतली.