कोंडिबांची सोनी आणि कण्हेर

कोंडिबा आठवड्यातून तीन दिवस माझ्या दौंडच्या घरी बागकामाला येतात. सत्तरी उलटली आहे. गावाबाहेरच्या वस्तीवरून पायी येतात, मागे त्यांची कुत्री सोनी. पन्नाशीपर्यंत ते दर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणात उतरत. पुढे रानं उसाखाली गेली, चराई संपली, कळप विकला. राखणीच्या कुत्रीची औलाद तेवढी राहिली. त्यातली सोनी शेवटची.

माझ्या लिंबाखाली त्यांनी बिरोबाचा दगड मांडला आहे. रविवारी त्याला कुंपणावरची पिवळी कण्हेर वाहतात. सोमवारी ती फुलं पायदळी येऊ नयेत म्हणून घमेल्यात पाण्यात ठेवतात आणि ते पाणी संध्याकाळी झाडांना घालतात.

गेल्या सोमवारी दहाच्या सुमारास सोनी ओकू लागली. पाय लटपटत होते.

"गवत खाल्लं असंल," कोंडिबा म्हणाले. "कुत्र्याला आपलं औषध ठावं असतंय."

मी घमेल्यात पाहिलं. पाणी निम्म्यावर आलं होतं.

"कोंडिबा, मेंढ्यांना तुम्ही कण्हेरीजवळ फिरकू देत होता का?"

"न्हाई बाई. पाल्यानं मरत्यात."

"मग हे?"

"हे देवाला व्हायलेलं हाय. त्यातलं इख देवानं घेतलं."

मी जनावरांच्या डॉक्टर साधना यांना फोन केला. त्या स्कूटरवरून आल्या.

"पाणी कधी प्यायली?"

कोंडिबांना सांगता येईना. फुलं आठ वाजता पाण्यात टाकल्याचं माझ्या रोजनिशीत होतं. म्हणजे त्यानंतरच. डॉक्टरांनी लिंबाच्या फांदीला सलाईन टांगलं.

"नाडी फार मंद आहे. उद्या उठून उभी राहिली तर वाचेल."

दिवसभर कोंडिबा तिच्या उशाशी बसून होते. भाकरीचं फडकं सोडलंच नाही.

"हिच्यामागं कुणी न्हाई, बाई. ही गेली म्हंजी मेंढरं खरीच गेली."

मंगळवारी दुपारी सोनी उठली, दोन पावलं चालली आणि पुन्हा बसली. कोंडिबांनी तोंड पुसलं आणि कुदळ घेतली. कुंपणाशी जाऊन थबकले.

"सायबांनी लावल्याली झाडं हायती."

माझ्या यजमानांना जाऊन नऊ वर्षं झाली.

"काढा," मी म्हणाले. "त्यांची पानं गोळा करून मीही थकले."

धूरही वाईट, जाळू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन दिवस खपून कोंडिबांनी सगळं खड्ड्यात पुरलं.

रविवारी बिरोबापुढे झेंडू होता. "पिवळाच हाय," कोंडिबा देवाला सांगत होते, "भागवून घ्या."

कुंपण आता उघडं पडलं आहे. रस्त्यावरची धूळ थेट ओसरीवर येते. मी दिवसातून दोनदा झाडते. सोनी त्या मोकळ्या जागेतच झोपते. कोंडिबा तिला ओलांडून झाडांना पाणी घालतात.