वसूच्या वर्गातले फोन

वसू गेल्याचं मला दोन तास उशिरा कळलं, कारण माझा फोन शाळेच्या कपाटात कुलूपबंद होता. त्याआधी ती आजारपणाच्या रजेवर गेली आणि आठवड्याभरात परिपत्रक निघालं... मुलांनी फोन आणायचे नाहीत, शिक्षकांनीही प्रार्थनेनंतर ऑफिसात जमा करायचे. मधल्या सुट्टीत फोन हातात आला तेव्हा तिच्या भावाचे नऊ मिस्ड कॉल होते. पहिला ‘ताई, लवकर या’ हे सांगायला केलेला. महिना झाला, माझा राग उतरलेला नाही.

अंधेरीच्या या शाळेत आम्ही दोघी बावीस वर्षं. ती विज्ञान शिकवायची, मी गणित. खरं सांगायचं तर आधी मीच तिच्या विरोधात होते. नववीच्या मुलांना तिने घरचा मोबाईल आणायला सांगितलं. प्रयोगाचा व्हिडिओ काढायचा, पुन्हा पुन्हा पाहायचा, चूक आपली आपण शोधायची. मी म्हटलं, "अगं, माकडाच्या हाती कोलीत देतेयस!" ती हसली. "तुझ्या हाती आहेच की. कुठे लंका जळली?"

एकदा माझ्या तासाला प्राची नावाच्या मुलीचा फोन वाजला आणि मी तो काढून घेऊन कपाटात टाकला. शाळा सुटायच्या आत तिची आई बाजारातून थेट स्टाफरूममध्ये. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली बाई, आवाज खणखणीत. "टीचर, फोन पोरीचा नाय, माझा हाय. गिऱ्हाईक मला शोधतंय, नि फोन तुमच्या कपाटात!" मग पोरीकडे दिलातच कशाला, मी विचारलं. "सायन्सच्या टीचर बोलल्या, शिकायला लागतो. म्हणून दिला." धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

वसूने किल्ली मागून तो फोन परत केला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गात नियम झाला. फोन बाकावर, सगळ्यांसमोर. आईचं गिऱ्हाईक आलं तर उभं राहून उचलायचं, निरोप वहीच्या मागच्या पानावर लिहायचा, बसायचं. दोन दिवस वर्ग खिदळला, मग पापलेट-बोंबलांची कुणाला नवलाई राहिली नाही. पालकसभेत मात्र एक गृहस्थ उसळले, "हा वर्ग आहे की मासळीबाजार?" वसू म्हणाली, "तुमच्या मुलीचा टॅब तिच्या एकटीचा आहे. प्राचीची आई धंद्यातला फोन काढून देते. शिक्षणावर जास्त विश्वास कोणाचा, तुम्हीच सांगा." मी तेव्हा उठून तिच्या बाजूने बोलायला हवं होतं... बोलले नाही. ते अजून खुपतं.

आता म्हणतात, नियम सगळ्यांना सारखा. कसला सारखा? टॅबवाली मुलगी घरी जाऊन टॅब उघडते. प्राचीच्या वाट्याला फोन यायचा तो शाळेपुरताच.

वसूचे तास सध्या माझ्याकडे आहेत. शनिवारी मी मुलांना सांगितलं, सोमवारी फोन आणा. सोमवारी प्रयोगशाळेत खडू आणि डस्टर एकदम खाली सोडले. आधी कोण पोचतं ते व्हिडिओ सावकाश चालवून बघायचं होतं. तिसऱ्यांदा सोडले तेव्हा मुख्याध्यापिका दारात उभ्या.

"नीला मॅडम, हे कोणाच्या परवानगीने चाललंय?"

वसूचं नाव घेतलं असतं तर त्या हळहळून निघून गेल्या असत्या. गेलेल्या माणसाचा हट्ट लोक चार दिवस चालवून घेतात, मग विसरतात. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"माझ्या," मी म्हणाले.