भागाबाई किनाऱ्याकडे निघाली

चार माणसं रोज एका जागी बसली आणि त्यातल्या एकालाही विषयातलं पुरतं कळत नसलं, की किस्से आपोआप साठत जातात. आमचा विषय होता हवामान. नांदूरघाटातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो कोस लांब. पण बंगालच्या उपसागरात जरा वारं फिरलं, की इथं आम्हाला चहा गोड लागायचा नाही.

बैठक आप्पांच्या किराणा दुकानात. दुकान आप्पांचं, रेडिओ आप्पांचा, त्यामुळे अध्यक्षही आप्पाच. दुसरे शाळेत भूगोल शिकवणारे गुरुजी. तिसरे बाबूमियाँ, त्यांनी नुकताच शेजारी एसटीडी बूथ टाकला होता. चौथा मी. गावातला सरकारी पर्जन्यमापक माझ्या ताब्यात, म्हणजे रोज सकाळी पाऊस मोजायचा आणि तालुक्याला कळवायचा. त्यामुळे मला बैठकीत मान होता, पाऊस नसला तरी.

* * *

एकदा भर चैत्रात सकाळी मापकात सात मिलिमीटर पाणी निघालं. आभाळात ढगाचा टिपूस नाही. गुरुजी म्हणाले, स्थानिक सर असू शकते, निसर्गाचा भरवसा नाही. मी इमानदारीनं सात मिलिमीटर लिहिलं आणि पाणी तांबूस दिसलं म्हणून तेही शेऱ्यात लिहिलं.

शेजारचा म्हातारा पहाटे तंबाखूची चूळ मापकात टाकून गेला होता, हे दुपारी कळलं. तोवर कागद तालुक्याला पोचला होता. तिथल्या कारकुनाचा फोन आला.

"पाऊस मांडून घेतलाय," तो म्हणाला. "पण रंगाचा रकाना न्हाई बगा आमच्याकडं."

* * *

रेडिओवर 'कमी दाबाचा पट्टा' आला की आमच्या अंगात यायचं. एकदा आम्ही मोठमोठ्यानं त्यावरच बोलत होतो आणि एक शेतकरी मिठाची पिशवी हातात धरून कितीतरी वेळ ऐकत उभा राहिला. शेवटी काळजीनं म्हणाला, "मग आज हिरीवरची मोटर लावू का नगं? कमी दाबावर जळती ती."

गुरुजींनी त्याला दहा मिनिटं हवेचा दाब समजावून सांगितला. त्यानं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि मोटर काही लावली नाही.

* * *

पुढं आप्पांनी घरात टीव्ही आणला, कृष्णधवल. बातम्यांच्या शेवटी उपग्रहाचं चित्र यायचं, पापणी लवली तर गेलंच. एके दिवशी त्या चित्रात हैदराबादच्या वर एक पांढराशुभ्र ठिपका दिसला. आम्ही चौघं एकदम उठून उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी ठिपका तिथंच. तिसऱ्या दिवशीही तिथंच. गुरुजींनी वहीत लिहिलं, 'वादळ जमिनीवर येऊन स्थिरावले. असे पूर्वी घडल्याचे ऐकिवात नाही.'

आप्पांची बायको भागाबाई दारात उभी होती. ती पुढं आली, नखानं टीव्हीची काच खरवडली आणि तिथं चिकटलेला बाबूमियाँच्या पानाच्या डबीतला वाळका चुना बोटावर घेऊन आप्पांसमोर धरला.

"हे घ्या तुमचं वादळ," म्हणाली आणि आत गेली.

* * *

अमेरिकेत वादळांना बायकांची नावं देतात, हे गुरुजींनी कुठंतरी वाचलं होतं. आमच्याकडं रेडिओ नुसतंच 'उपसागरातील चक्रीवादळ' म्हणायचा. आम्हाला ते कोरडं वाटायचं. म्हणून आम्ही आमची रीत काढली. वादळ उठेल त्या आठवड्यात ज्यानं घरी सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली असतील, त्याच्या बायकोचं नाव वादळाला द्यायचं. अर्थात हे दुकानाच्या बाहेर जाता कामा नये, अशी शपथ घेतली होती.

पहिलं नाव गुरुजींच्या घरातलं लागलं, सुमन. सुमन दोन दिवस घोंगावली आणि समुद्रातच विरून गेली. गुरुजींना कुणीतरी घालून पाडून बोलल्यासारखं झालं. "आमच्याकडं एवढ्या लवकर शांत होत नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

* * *

आणि मग ते मोठं वादळ आलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. आप्पांची एकुलती एक लेक मंगल तिकडं काकीनाड्याला दिली होती. जावई मूळचा लातूरकडचा, पण तिकडच्या बंदरावर एका नव्या कंपनीत सुपरवायझर. त्या साली त्यानं रजा नाही म्हणून मंगलला दिवाळीला माहेरी पाठवलं नाही. झालं! भागाबाईनं आप्पांना आठ दिवस धारेवर धरलं आणि जावयाला पत्र लिहवून घेतलं, 'आता मीच तिकडं येती आन बघती तुमच्याकडं.' साहजिकच त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या नावाचा विचारच झाला नाही. वादळाचं नाव पडलं भागाबाई.

दुकानात भिंतीवर शाळेतला जुना नकाशा होता. रेडिओ सांगेल तिथं आम्ही विक्रीतली एकेक लाल टिकली चिकटवत होतो. भागाबाई अंदमानकडून निघाली. भागाबाईनं रात्रीतून जोर धरला. भागाबाई वायव्येला वळली. चार दिवस तोंडात दुसरं नाव नव्हतं. वादळ वाढावं असंच आप्पा सोडून आम्हाला वाटत होतं, हे आज सांगताना लाज वाटते, पण खरं आहे.

चौथ्या दिवशी सकाळी बातमी आली की केंद्रातला दाब आणखी कमी झाला. बायकोच्या नावावरून चार दिवस आमची थट्टा सोसलेल्या आप्पांनी हुश्श केलं. दाब कमी झाला म्हणजे वादळाची रग जिरली, असं समजून त्यांनी बरणीतला गूळ काढून सगळ्यांच्या हातावर ठेवला. गुरुजींनी गूळ तोंडात टाकला आणि मग सावकाश सांगितलं, "आप्पा, उलटं असतं. तिथं दाब जेवढा कमी, तेवढं वादळ तगडं."

आमची चर्चा ऐकून भागाबाई बाहेर आली. नकाशासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण टिकल्यांची रांग कुठं चाललीय ते दिसत होतं. रांगेच्या पुढं, जमिनीच्या कडेला तिनं बोट ठेवलं. "हितं काय हाय?"

गुरुजी हळूच म्हणाले, "काकीनाडा."

"तिथं माजी मंगल ऱ्हाती," ती म्हणाली. "तुमी टिकल्या लावत बसलाव?"

तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचीच आम्हाला भीती वाटली. मंगलची पोर सात महिन्यांची होती आणि भाड्याच्या घरावर पत्रे होते.

आम्ही उठून बूथवर धावलो. जावयाकडं फोन नव्हता, शेजाऱ्याचा पीपी नंबर होता. आप्पांनी नंबर सांगितला, डायल बाबूमियाँनी केलं. अकरा वेळा एंगेज लागला. बाराव्या वेळी शेजारी सापडला. त्याला मराठी येत नव्हतं आणि लाइनीत खरखर होती. बाबूमियाँ बेंबीच्या देठापासून ओरडले, "मंगल के घर निरोप देव! भागाबाई आ रई! भोत जोर में है! कल शाम तक पोंचती! घर छोड के निकल जाव बोलो, अब्बी के अब्बी!"

पलीकडून "समझ गया" एवढं ऐकू आलं आणि लाइन तुटली.

दुसऱ्या दिवशी वादळ धडकलं. त्यानंतर पाच दिवस तिकडचा एकही फोन लागला नाही. रेडिओ चालू होता, पण नकाशाला कुणी हात लावला नाही. आप्पांनी दुकान उघडलं, पण कुणाला तूर मागितली तर चणे बांधून द्यायचे. भागाबाई महादेवाच्या देवळात जाऊन बसली होती, ती जेवायलाही घरी येईना.

सहाव्या दिवशी वरंगळहून फोन आला. बाबूमियाँ चप्पल न घालता देवळापर्यंत पळत गेले. मंगल, जावई आणि पोर, तिघंही तिथं जावयाच्या भावाकडं सुखरूप होती. घराचे पत्रे उडाले होते आणि पाळणा टांगलेली भिंत पडली होती. आप्पा दुकानात सगळ्यांदेखत रडले, आणि मीही.

संक्रांतीला जावई मंगलला घेऊन आला. आम्ही चौघं त्याच्याभोवती बसलो. गुरुजींची छाती फुगली होती. त्यांनी विचारलं, "काय मग, रेडिओवरचा इशारा ऐकून लगेच निघालात ना?"

जावयानं एकदा घराच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"रेडिओ कसला गुरुजी, तो दोन दिवस ओरडत होता. आम्ही काय हलणार नव्हतो," तो म्हणाला. "पण शेजाऱ्यानं निरोप आणला. सासूबाई निघाल्यात, लई जोरात हायत, उद्या संध्याकाळपर्यंत पोचतायत, घर सोडून पळा. पत्र आलंच होतं आधी. मी मंगलला काही बोललो न्हाई. भावाकडं पोरीला दाखवून आणू म्हणलं आन् मिळंल ती गाडी धरली."

चहाचा ट्रे घेऊन भागाबाई दारात येऊन उभी होती.

"मी?" ती म्हणाली. "मी कवा निगालते?"